दाणा घेतला, चुना राहिला

१५३५ च्या हिवाळ्यात झाक कार्तिये हा फ्रेंच दर्यावर्दी तीन जहाजं आणि ११० माणसं घेऊन आजच्या क्युबेक शहराजवळ अडकून पडला. सेंट लॉरेन्स नदी गोठली होती. माणसांच्या हिरड्या सडू लागल्या, पाय सुजून काळे पडले. पंचवीस जण मेले आणि एक वेळ अशी आली की धडधाकट म्हणावीत अशी दहा माणसंही उरली नाहीत. शेजारच्या स्टाडाकोना गावचा प्रमुख डोनाकोना. त्याचा मुलगा डोमागाया हाही असाच आजारी दिसला होता, पण दहा-बारा दिवसांनी तो ताठ चालत आला. कसा बरा झालास, असं कार्तियेनं विचारल्यावर त्यानं दोन बायका सोबत दिल्या. त्यांनी ‘अनेद्दा’ नावाच्या झाडाच्या फांद्या आणल्या. साल आणि पानं कशी उकळायची, काढा एक दिवसाआड कसा प्यायचा, चोथा सुजलेल्या पायांवर कसा बांधायचा, हे सगळं करून दाखवलं. आठवड्याभरात एक अख्खं झाड संपलं आणि माणसं उठून उभी राहिली. युरोपातल्या नावाजलेल्या विद्यापीठांच्या वैद्यांना वर्षभरात जे जमलं नसतं ते या झाडानं केलं, असं खुद्द कार्तियेच्या वृत्तांतात लिहिलेलं आहे.

मे महिन्यात बर्फ वितळलं. कार्तियेनं डोनाकोना, त्याचे मुलगे आणि इतर काही अशी दहा माणसं पकडून फ्रान्सला नेली. त्यातली एक लहान मुलगी सोडली तर बाकी सगळी पाच वर्षांत तिकडेच मेली. एकलव्याच्या गोष्टीत गुरू शिष्याचा अंगठा मागून घेतो. इथे शिष्यानं गुरूलाच उचलून नेलं.

१६०८ साली शाम्प्लें हा दुसरा फ्रेंच दर्यावर्दी त्याच ठिकाणी वसाहत उभारायला आला, तेव्हा स्टाडाकोना नाहीसं झालं होतं. तिथली माणसं पांगली होती आणि अनेद्दा म्हणजे नेमकं कुठलं झाड, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या २८ माणसांपैकी २० मेली, काही स्कर्व्हीनं, म्हणजे हिरड्या सडवणाऱ्या त्याच रोगानं, काही हगवणीनं. औषध बहुधा त्यांच्या घराभोवतीच उभं होतं. ब्रिटिश आरमारातल्या जेम्स लिंड या वैद्यानं या रोगावर संत्र्या-लिंबांचा प्रयोग केला तो १७४७ मध्ये, आणि ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस रोज मिळू लागला तो १७९५ नंतर. मधल्या काळात समुद्रावर किती खलाशी मेले याची गणती नाही.

ही गोष्ट मी आधी सांगतो आहे, कारण आज कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत एक नवी भाषा ऐकू येते. आम्ही इथल्या मूळ रहिवाशांकडून किती शिकलो, याच्या याद्या शाळांच्या भिंतींवर लागतात. मका, बटाटा, टोमॅटो, मेपलचा पाक, झाडाच्या सालीची हलकी होडी, बर्फावर चालायचे जोडे. यादी खोटी नाही. शंभर वर्षांपूर्वी तीही कुणी लावली नसती. पण त्या यादीला ‘शिकणं’ म्हणायला मी तयार नाही. तिथे वस्तू घेतल्या गेल्या आणि विद्या बहुतेक वेळा मागे टाकली गेली. विद्या शिकायची तर शिकवणाऱ्याचा अधिकार मानावा लागतो. आणि या लोकांची विद्या त्या त्या नदीला, त्या त्या रानाला बांधलेली असल्यामुळे त्यांचा अधिकार मानणं म्हणजे जमिनीवरचा त्यांचा अधिकार मानणं. तिथेच गाडी अडते, आणि ती पाचशे वर्षं तिथेच अडलेली आहे.

मक्याचंच घ्या. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माणसं हजारो वर्षं मका खात आली, पण नुसता दळून नाही. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सालपट चोळून काढायचं, धुवायचं आणि मग पाट्यावर वाटायचं. या प्रक्रियेला नहुआत्ल भाषेतून आलेलं नाव आहे, निश्तमाल. ज्यांच्याकडे चुना नव्हता ते उत्तरेकडचे लोक लाकडाच्या राखेचं पाणी वापरत. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रूपात बांधलेलं असतं की आपल्या आतड्यांना सोडवता येत नाही. चुना किंवा राख ते सोडवते. शिवाय चुन्यातून कॅल्शियम मिळतं आणि पीठ चिकट होऊन त्याची पातळ पोळी थापता येते. याच्या जोडीला शेतात मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवलेला आणि खाली भोपळा पसरलेला. घेवडा जमिनीला नत्र देतो आणि ताटातलं मक्याचं उणंही भरून काढतो. ज्वारीच्या ओळींत तूर घेणाऱ्या आणि भाकरीबरोबर वरण खाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

युरोपीय लोकांनी दाणा घेतला. एकरी उतारा भरघोस, गरिबाचं पोट स्वस्तात भरतं, एवढं त्यांनी पाहिलं. चुन्याचं पाणी ही त्यांना रानटी लोकांची एक रीत वाटली असावी. गिरणी असताना असली उठाठेव कशाला? १७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याला उत्तर स्पेनमधल्या गरीब शेतमजुरांत एक विचित्र रोग दिसला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, मग जुलाब, मग वेड, मग मरण. इटलीत त्याला नाव पडलं पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. जिथे जिथे गरिबाचं ताट मक्यावर आलं तिथे तिथे तो मागोमाग गेला.

सगळ्यात मोठा हिशोब अमेरिकेच्या दक्षिणेत चुकता झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तिथे सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख माणसं मेली. बहुतेक सगळी कापसाच्या शेतावरची आणि गिरण्यांतली गरीब माणसं, काळी आणि गोरीही. यातली चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे दक्षिणेतले गोरे हे एके काळी शिकले होते. राखेच्या पाण्यात सोललेला मका, ज्याला ते होमिनी म्हणतात, तो शब्दसुद्धा व्हर्जिनियाच्या मूळ रहिवाशांचा. पण पुढे यंत्रावर अंकुर काढून दळलेलं पांढरं पीठ स्वस्तात घरोघर पोचलं, आणि राखेच्या पाण्याची विद्या ‘मागासांची’ म्हणून सुटत गेली. १९१४ मध्ये सरकारनं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला पाठवलं. हा रोग जंतूंचा नाही, ताटातल्या उणिवेचा आहे, हे त्यानं प्रयोगांनी दाखवलं. त्यासाठी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. तरी दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना ते पटवून घ्यायचं नव्हतं, कारण ते मान्य केलं असतं तर मजुरांची उपासमार मान्य करावी लागली असती. नेमकं जीवनसत्त्व हाती लागलं १९३७ मध्ये. मेक्सिकोतल्या कुठल्याही खेड्यातली म्हातारी रोज पहाटे जे करत होती, त्याचं कारण कळायला आधुनिक विज्ञानाला दोनशे वर्षं लागली. विज्ञान कमी पडलं असं मी म्हणत नाही. नायसिन त्यानंच शोधलं. पण त्या म्हातारीच्या हातांकडे जाणत्याचे हात म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. (आपल्याकडेही केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरिबांत हैदराबादच्या पोषणशास्त्रज्ञांना पेलाग्रा सापडला होता. गरिबीनं ताट एका धान्यावर आणलं की तो कुठेही येतो.)

‘निसर्गाची लेकरं’ हा शब्दप्रयोग मला म्हणूनच सोसत नाही. त्यात कौतुक आहे असं वाटतं, पण त्यानं विद्याच पुसली जाते. निश्तमाल म्हणजे रसायनशास्त्र आहे. ते कुणाला झाडाखाली बसून आपोआप सुचलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या करून, चुकून, सुधारून हाती आलेलं आहे. लेकराकडून कुणी शिकत नाही, त्याचे लाड करतो किंवा त्याला शिस्त लावतो. गोऱ्या वसाहतवाल्यांनी दोन्ही केलं.

ऑस्ट्रेलियात याहून करुण प्रसंग घडला. १८६० मध्ये मेलबर्नहून बर्क आणि विल्स यांची मोहीम मोठ्या थाटात उत्तरेकडे निघाली. परतताना, १८६१ मध्ये, अन्नसाठा संपून ती कूपर क्रीकच्या काठी अडकली. तिथले यांद्रुवांधा लोक त्या ओढ्यावर सुखात जगत होते. त्यांनी या भुकेल्यांना मासे दिले, नार्डू नावाच्या पाणवनस्पतीच्या दाण्यांच्या भाकऱ्या दिल्या. बर्कला त्यांचा संशय. त्यानं एकदा त्यांच्या डोक्यावरून गोळी झाडली आणि ते दूर गेले. मग बर्क आणि त्याच्या सोबत्यांनी नार्डू स्वतःच गोळा केला, दळला आणि पोटभर खाल्ला. विल्सच्या रोजनिशीत लिहिलेलं आहे की भूक भागते पण अंगातली ताकद रोज कमी होते. नार्डूत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. यांद्रुवांधा बायका दळताना पाण्याचा भरपूर वापर करून त्याचा जोर मोडत, असा आजच्या संशोधकांचा तर्क आहे. बर्क आणि विल्स दाण्यांच्या राशीवर बसून मेले. तिसरा, जॉन किंग, यांद्रुवांधांकडे गेला, त्यांच्यात राहिला, ते देतील ते त्यांच्या रीतीनं खाल्लं, आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला. मेलबर्ननं पुतळा उभारला तो बर्क आणि विल्सचा.

तिघांनाही तीच वनस्पती मिळाली होती. जगला तो ज्यानं पाहुण्यासारखं राहणं पत्करलं तो.

आता आगीकडे येतो, कारण आजचा सार्वजनिक वाद तिथे पेटलेला आहे. ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात पहिले गोरे आले तेव्हा त्यांना विस्तीर्ण, मोकळी, बागेसारखी राखलेली रानं दिसली. उंच झाडं, खाली कोवळं गवत. त्यांना वाटलं, निसर्गच असा आहे. तो तसा नव्हता. ती माणसांनी ऋतू पाहून लावलेल्या लहान, थंड आगींनी घडवलेली रानं होती. थॉमस मिचेल या भूमापकानं १८४८ मध्येच लिहून ठेवलं होतं की आग, गवत, कांगारू आणि इथली माणसं एकमेकांवर अवलंबून आहेत. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

कॅलिफोर्नियानं तर १८५० मध्ये, राज्याचा दर्जा मिळण्याच्या काही महिने आधीच, मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षणा’चा कायदा केला. त्याच कायद्यानं त्यांची पोरं मजुरीला बांधून घेता येत होती, आणि त्याच कायद्यात माळ पेटवणाऱ्याला शिक्षा होती. पुढे १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं, आणि आग म्हणजे शत्रू हा वनखात्याचा धर्मच झाला. १९३५ मध्ये नियम आला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. या काळात कॅलिफोर्नियातले काही गोरे जमीनमालकसुद्धा सांगत होते की मूळ रहिवाशांसारखं अधूनमधून हलकं जाळत राहिलो तर मोठा वणवा येणार नाही. वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला ‘पायूट वनशास्त्र’ म्हणून हिणवलं. पायूट हे तिथल्या एका जमातीचं नाव. म्हणजे एखाद्या विचाराला खाली पाडायला त्याचा उगम त्यांच्यात आहे एवढं म्हटलं की पुरे होत होतं.

शंभर वर्षं पालापाचोळा साचला, झुडपं दाटली, हवा तापली. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ४० लाखांहून अधिक एकर जळालं. त्यातल्या स्लेटर नावाच्या वणव्यात कारुक जमातीचं मुख्य ठिकाण असलेल्या हॅपी कॅम्प गावातली सुमारे २०० घरं गेली. ज्यांना आग लावायला बंदी केली होती, त्यांचीच घरं आगीत गेली. तिकडे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात २००९ च्या एका वणव्याच्या लाटेत १७३ माणसं मेली, २०१९-२० मध्ये पुन्हा देशभर रान पेटलं, आणि मग एकाएकी सगळ्यांना आदिवासींच्या आगीची आठवण झाली.

आता धोका उलटा आहे. हिणवण्याचे दिवस जाऊन कौतुकाचे आले, पण घेण्याची सवय तीच. वनखातं म्हणतं, तुमची पद्धत सांगा, आम्ही ती नियमावलीत घालू, आमचे कर्मचारी ठरलेल्या तारखेला जाळतील. पण ही विद्या तारखेत बसत नाही. गवत कुठपर्यंत वाळलं, दव किती पडतं, कुठला पक्षी अंड्यांवर बसलाय, वारा कुठल्या खिंडीतून वळतो, हे वर्षानुवर्षं त्याच रानात राहणाऱ्यालाच कळतं. रानातून माणूस हलवला की विद्या हलते. फाइलमध्ये उरतो तो पुन्हा नुसता दाणा.

आणि खरंच शिकल्याचं उदाहरणही आहे, म्हणून मी निराश नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातलं पश्चिम आर्नहेम लँड. १९७६ च्या जमीन हक्क कायद्यानं तिथली जमीन तिथल्या आदिवासींच्या नावावर झाली. त्या काळात पठार ओस पडलं होतं, माणसं मिशनांत आणि शहरांत गेली होती, आणि दरवर्षी कोरड्या ऋतूच्या शेवटी अफाट वणवे पेटत. लॉफ्टी नाजामेरेक यांच्यासारखे जाणते वृद्ध, जे स्वतः मोठे चित्रकारही होते, आपल्या मुलखात परत राहायला गेले आणि शास्त्रज्ञांना घेऊन रान पुन्हा जाळू लागले. पाऊस संपल्यावर लगेच, गवत अर्धवट ओलं असताना, तुकड्यातुकड्यांनी. २००६ मध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवरच्या या कामासाठी एका वायू कंपनीशी करार झाला, कारण मोठे वणवे टळले की हवेत जाणारे वायू घटतात आणि ते मोजता येतात. हेलिकॉप्टर आहे, उपग्रहाचे नकाशे आहेत. पण कुठे आणि केव्हा, हे ठरवणारे तिथलेच. तिथे आधी जमीन आली आणि मग विद्या परत आली. हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कुणी म्हणेल, राज्यघटना, लोकशाही यांचं काय? अमेरिकेच्या संसदेनं १९८८ मध्ये ठराव करून आपल्या संघराज्यावर हौदेनोसौनी, म्हणजे इरोक्वाय, संघाचा प्रभाव मान्य केला. प्रभाव किती, यावर इतिहासकार भांडतात. मला तो ठराव थोडा जास्तच उदार वाटतो. पण धरून चालू. त्या संघात प्रमुख निवडायचा आणि चुकल्यास उतरवायचा अधिकार कुळांतल्या ज्येष्ठ बायकांकडे होता. अमेरिकेनं संघ घेतला असेल, बायकांना मात्र १९२० पर्यंत साधं मतही नव्हतं. आणि १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्याच हुकुमावरून सैन्यानं हौदेनोसौनींची चाळीसएक गावं आणि उभी मक्याची शेतं जाळली.

आपणही हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारायला हवं. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू ही सगळी गोव्याच्या वाटेनं पोर्तुगिजांबरोबर आपल्या स्वयंपाकघरात आली. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचे, बटाटा कॅरिबियनच्या तैनो लोकांचा. आपण कुणाला विचारलं? नाही विचारलं. पण आपण त्यांची जमीन घेतली नव्हती, आणि मिरचीला आपण आपल्या हातानं नवी विद्या दिली. संस्कृती एकमेकींकडून उचलतात याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो घर बळकावून वर ‘आम्ही तुमच्याकडून शिकलो’ म्हणण्याला.

आणि घाटाखाली अगदी हीच लढाई झालेली आहे. इंग्रज इथे वसायला आले नव्हते, राज्य करायला आले होते, पण वनखात्याचा डोळा तोच होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर टाहळ, पालापाचोळा, शेण, गवत आणि माती रचून उन्हाळ्यात राब भाजायचा, ही ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याची, त्यात आदिवासीही आले, पिढीजात रीत. तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं, पहिल्या पावसात रोप तरारून येतं. खात्याला त्यात दिसली ती झाडांची नासधूस. फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, आणि त्याच्यापुढे राबाचा प्रश्न मोठा होता. राबासाठी झाडं ओरबाडली जात नव्हती असं नाही. पण किती तोडायचं हे ठरवण्याचा अधिकार गावाकडून काढून घेतल्यावर राखण्याची जबाबदारीही गावानं सोडली, हे त्याहून मोठं नुकसान.

म्हणून मला कॅलिफोर्नियातली अलीकडची एक घटना त्या सगळ्या भिंतींवरच्या याद्यांपेक्षा मोलाची वाटते. कारुक बायका टोपल्या विणतात त्या हेझेलच्या फोकांच्या. झुडूप जाळलं की त्याला नवे, सरळ, लवचीक फोक येतात. न जाळलेल्याचे वेडेवाकडे आणि ठिसूळ निघतात. त्या जाळण्यासाठी त्यांना राज्याचे परवाने मागत फिरावं लागायचं, आणि परवाना येईपर्यंत बरेचदा ऋतू निघून जायचा. २०२४ मध्ये राज्यानं कायदा केला की अशा जमातींशी करार करून त्यांच्या मुलखातली पारंपरिक आग त्यांच्याच अधिकारात सोपवता येईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये असा पहिला करार कारुक जमातीशी झाला. जमीन अजून बहुतेक केंद्राच्या वनखात्याकडेच आहे. पण राज्याच्या परवान्याचा अडसर तेवढा दूर झाला, आणि हेझेल केव्हा पेटवायचं ते आता कारुक ठरवतील.